जळकं ऑइल गाळून ट्रकमध्ये जाळलं: तेरा महिन्यांची नोंद

गाळलेलं जळकं ऑइल स्वच्छ नसतं, ते फक्त गाळलेलं असतं. हे नीट समजायला आम्हाला तेरा महिने लागले. ऑगस्ट २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळात टेक्सासमधल्या लबकजवळ दोन जुन्या डिझेल गाड्यांमध्ये आम्ही आमच्याच ट्रकांचं निघालेलं इंजिन ऑइल डिझेलमध्ये मिसळून जाळलं. काय केलं, काय बिघडलं आणि किती खर्च आला, ते सगळं इथे क्रमाने लिहिलं आहे. या विषयावर ‘गाळा आणि ओता’ एवढंच सांगणारे पुष्कळ भेटतात, पण मधल्या पायऱ्या कोणी सांगत नाही.

आधी गाड्यांबद्दल. सरकी आणि कापसाच्या गाठी वाहणारे चार मोठे ट्रक आहेत. चारही २००७ नंतरचे, म्हणजे धुराचा फिल्टर बसवलेले. प्रत्येकाच्या ऑइल चेंजला साधारण ११ गॅलन ऑइल निघतं (एक अमेरिकी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर). शिवाय दोन जुन्या गाड्या आहेत: १९९६ची डॉज रॅम २५००, तिला ५.९ लिटरचं बारा व्हॉल्व्हचं कमिन्स इंजिन आणि बॉशचा पी-७१०० पंप (इंधन दाबाने इंजिनात पाठवणारा). आणि १९९३ची फोर्ड एफ-३५०, तिला ७.३ लिटरचं प्रीचेंबरचं इंजिन आणि स्टॅनाडाइनचा डीबी-२ रोटरी पंप. ऑइल मोठ्या ट्रकांचं आणि जाळायचं ते या दोन जुन्या गाड्यांत, असा बेत होता. तेव्हा डिझेल गॅलनला ४ डॉलरच्या आसपास होतं.

पहिलं काम कागदाचं. २१ ऑगस्टला राज्याच्या पर्यावरण खात्याला ईमेल केला, उत्तर ११ सप्टेंबरला आलं. मधले तीन आठवडे आम्ही संघराज्याचे वापरलेल्या तेलाचे नियम, म्हणजे ४० सीएफआर भाग २७९, वाचून काढले. ते वाचलं नसतं तर आम्ही चूक करून बसलो असतो, कारण आमचा मूळ विचार आजूबाजूच्या गॅरेजांमधून फुकट ऑइल उचलायचा होता. ज्याच्या गाड्यांतून तेल निघालं त्यानेच ते डिझेलमध्ये मिसळून स्वतःच्या गाड्यांत वापरलं, तर मिसळल्यानंतर त्या मिश्रणाला हा भाग लागू होत नाही, असं कलम २७९.२० मध्ये आहे. मिसळण्याआधीच्या तेलाला मात्र साठवणुकीचे सगळे नियम लागतात: पिंप गळकं नको आणि त्यावर ‘यूज्ड ऑइल’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. दुसऱ्यांचं तेल आणून त्यापासून इंधन करायला लागलात की तुम्ही प्रक्रिया करणारे ठरता, आणि मग ओळख क्रमांक, नोंदवह्या, आपत्कालीन तयारी हे सगळं मागे लागतं. खात्याच्या उत्तराचा अर्थही हाच होता. गॅरेजांचं फुकटचं तेल त्याच दिवशी बाद केलं.

दुसरी अट गाडीच्या वर्षाची. २००७ आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या डिझेल गाडीत वापरलेलं ऑइल, नुसतं किंवा मिसळून, घालायला संघराज्याच्या नियमांत मनाई आहे. कंपनीने त्या तेलासकट प्रदूषण चाचणी करून प्रमाणपत्र घेतलं असेल तरच सूट. कारण साधं आहे. पंपावरच्या डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) असतं, तर सीजे-४ दर्जाच्या इंजिन ऑइलमध्ये ते ४००० पीपीएमपर्यंत चालतं. शिवाय ऑइलमधल्या कॅल्शियम-जस्ताची राख धुराच्या फिल्टरमध्ये अडकते आणि ती जळून जात नाही. नव्या ट्रकचा फिल्टर बदलायला काही हजार डॉलर पडतात. तेव्हा नवी गाडी असेल तर हा विषय तिथेच सोडा.

करही लागतो. डिझेलवर संघराज्याचा रस्ता कर गॅलनला २४.४ सेंट आणि टेक्सासचा २० सेंट. आपल्याच ट्रकांतून निघालेल्या तेलावर तो भरलेला नसतो. संघराज्याच्या कर खात्याच्या फॉर्म ६३७ची नोंदणी आणि फॉर्म ७२०ची तिमाही विवरणं काय असतात, ते आधी आपल्या हिशोबनिसाकडून समजून घ्या. आम्ही पहिल्या दिवसापासून किती गॅलन मिसळलं त्याची वही ठेवली आणि ४४.४ सेंटांनी खर्च धरला.

विमा एजंटचं उत्तर २७ सप्टेंबरला आलं. अटी तीन: पेट्रोल अजिबात मिसळायचं नाही, पिंपं इमारतीबाहेर आणि गळती अडवणाऱ्या ट्रेमध्ये ठेवायची, आणि तापवताना माणूस हजर हवा. पेट्रोलची अट आम्हालाही पटली होती. ऑइल पातळ करायला १५-२० टक्के पेट्रोल घालतात, त्याने गाळही लवकर बसतो. पण तसं मिश्रण थंडीतही ठिणगीने पेट घेतं. अशा पिंपाला हीटर लावणं म्हणजे जिवाशी खेळ. आम्ही फक्त डिझेलच वापरायचं ठरवलं.

महाराष्ट्रातून कोणी वाचत असेल तर इथेच सांगतो: भारतात वापरलेलं ऑइल २०१६च्या धोकादायक कचरा नियमांखाली येतं आणि ते परवानगी असलेल्या संस्थेलाच द्यावं लागतं. अमेरिकेतलं हे कलम तिथे चालत नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकांना धुराचा फिल्टर असतोच, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्याही ते बसत नाही. पुढचं वाचा ते नोझल (इंजिनात इंधन फवारणारं टोक), पंप आणि ऑइल समजून घेण्यासाठी.

ऑक्टोबरमध्ये सामान जमवलं. ५५ गॅलनची चार पिंपं, २० डॉलरला एक. पिंपाला गुंडाळायचा १००० वॅटचा हीटर पट्टा १४० डॉलर. गिअर पंप ९५. पिशवी गाळणीचं भांडं १६५, पिशव्या नगाला ६ डॉलर. शेवटच्या टप्प्यासाठी पाणी अडवणारा १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टर, त्याचं बैठक-डोकं ४५ आणि फिल्टर २४ डॉलरला एक. प्रत्येक पिंपाला दोन कॉक बसवले: एक अगदी तळाशी गाळ आणि पाणी सोडायला, दुसरा तळापासून चार इंच वर, ऑइल घ्यायला. पिंपाखाली एका बाजूने लाकडी पाचर मारली, म्हणजे सगळं पाणी तळाच्या कॉककडे उतरतं. दोन डॉलरच्या या पाचरीचा उपयोग बाकी कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त झाला.

हीटरबद्दल दोन गोष्टी. काही जण पाण्याच्या गीझरचं एलिमेंट पिंपात सोडतात. २४० व्होल्टचं ४५०० वॅटचं एलिमेंट १२० व्होल्टवर लावलं तर ते चौथाई, म्हणजे ११२५ वॅट देतं आणि ऑइल करपत नाही. पूर्ण व्होल्टेजवर लावलं तर एलिमेंटभोवती ऑइल जळून कोळशाचा थर जमतो. पातळी एलिमेंटच्या खाली गेली की आगीचा धोका. त्यापेक्षा बाहेरचा पट्टा बरा. दुसरी गोष्ट, तापमान ६५ अंश सेल्सियस ठेवायचं, ७५च्या वर कधीही जाऊ द्यायचं नाही. तळाशी पाणी असतं. ते शंभराला पोचलं की खालून उसळी मारतं आणि उकळतं ऑइल पिंपाबाहेर येतं. वरचं बूच उघडं ठेवायचं.

एवढं तापवायचं कशाला, तर गाळ बसायला. १५डब्ल्यू-४० ऑइलचा दाटपणा ६५ अंशाला ४० सेंटीस्टोकच्या (हे दाटपणाचं एकक) आसपास असतो आणि २० अंशाला ३४०च्या वर. कण बुडण्याचा वेग दाटपणाच्या उलट चालतो, म्हणजे गरम ऑइलमध्ये गाळ साधारण आठपट लवकर बसतो. एक भरलेलं पिंप २० वरून ६५ अंशावर न्यायला हिशोबाने साडेचार युनिट वीज लागते. बाजूने जाणारी उष्णता धरून आम्हाला आठ तास लागले.

१४ ऑक्टोबरला पहिलं पिंप तापवलं. दोन आठवडे निवळू दिलं. २८ तारखेला तळाचा कॉक उघडला तर आधी दोन लिटर राखाडी पाणी, मग चॉकलेटी चिखल, मग काळं ऑइल. इथपर्यंत ठीक होतं. मग २५ मायक्रॉनच्या पिशवीतून सोडायला सुरुवात केली आणि तीन मिनिटांत प्रवाह थांबला. पिशवी बदलली, पुन्हा तेच. पिशवी उलटी करून पाहिली तर आतून नाचणीच्या गार आंबिलासारखा तपकिरी, बुळबुळीत थर. बोटाने ओढला की तार धरणारा. धातूचे कण नाहीत, वाळू नाही. असला थर म्हणजे बहुधा इंजिनात कूलंट उतरलेलं असतं. कूलंटमधलं ग्लायकोल ऑइलमधल्या रसायनांबरोबर असा चिकट लगदा करतं, आणि तो तापवून किंवा निवळून जात नाही.

३० ऑक्टोबरला नमुना प्रयोगशाळेत पाठवला, ३४ डॉलर. अहवाल ७ नोव्हेंबरला आला: सोडियम आणि पोटॅशियम वाढलेलं, ग्लायकोल आहे. चार ट्रकांचं ऑइल एकाच पिंपात ओतल्यामुळे ते कुठल्या ट्रकचं, हे कळायला मार्ग नव्हता. चारही ट्रकांचे स्वतंत्र नमुने पाठवायला मन धजत नव्हतं, म्हणून आधी कूलंटची पातळी तपासली. एका ट्रकचं कूलंट महिन्याला अर्धा गॅलन कमी होत होतं आणि बाहेर कुठे थेंब नव्हता. ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग, गळत होता. वेळेत कळलं म्हणून बेअरिंग वाचली. त्या पिंपातलं ५० गॅलन ऑइल परवानाधारक उचलणाऱ्याला ग्लायकोल असल्याचं सांगून दिलं.

त्यानंतर नियम केला तो आजही पाळतो: प्रत्येक इंजिनाचं ऑइल वेगळ्या पाच गॅलनच्या बादलीत, बादलीवर ट्रकचा क्रमांक, तारीख आणि मैल. मोठ्या पिंपात ओतण्याआधी प्रत्येक बादलीची दोन चाचण्यांतून पास-नापास. पहिली तापल्या तव्याची: लोखंडी पट्टी १५० अंशापर्यंत तापवून वर ऑइलचे चार-पाच थेंब टाकायचे. फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडलं तर पाणी आहे, फक्त बारीक बुडबुडे आले तर थोडं आहे, शांत पसरलं तर पुढे जायचं. एक हजारांश भागाहून कमी पाणी या चाचणीत दिसत नाही, हे लक्षात ठेवावं. चष्मा आणि हातमोजे घालूनच. दुसरी तांब्याच्या तारेची: तार गॅसच्या ज्योतीत लाल करायची, ज्योतीचा रंग जाईपर्यंत, मग ऑइलमध्ये बुडवून पुन्हा ज्योतीत धरायची. हिरवी ज्योत आली तर क्लोरीन आहे, म्हणजे कोणीतरी ब्रेक क्लीनर किंवा तसलं द्रावण त्यात ओतलं आहे. एकूण हॅलोजन (क्लोरीन आणि त्याच्या गटातली मूलद्रव्यं) १००० पीपीएमच्या वर गेलं की कायदा ते तेल धोकादायक कचऱ्यात मिसळलं आहे असंच धरून चालतो, आणि ते खोटं ठरवणं तुमच्या गळ्यात येतं. गिअर ऑइल त्यातल्या गंधकामुळे घेत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुसरं आणि तिसरं पिंप भरलं. या वेळी क्रम असा बसला. बादलीतून पिंपात ओतताना रंग गाळायची जाळीदार गाळणी. ६५ अंशावर आठ तास, मग बंद करून दोन आठवडे निवळण. तळाचं पाच गॅलन काढून टाकायचं, त्याचा मोह धरायचा नाही. मग पुन्हा ५०-५५ अंशाला आणून २५, ५ आणि १ मायक्रॉन अशा तीन पिशव्या. पिशवीवरचा दाब १५ पीएसआयच्या वर गेला की थांबायचं आणि पिशवी बदलायची; जोर लावला तर अडकलेली घाण पिशवीतून पलीकडे ढकलली जाते. पिशवीवरचा ‘१ मायक्रॉन’ हा आकडा नाममात्र असतो, त्याहून मोठे कणही थोडे जातातच. आणि एवढं करूनही ऑइल काळंच राहतं. काजळीचे कण एका मायक्रॉनहून बारीक असतात आणि ऑइलमधली रसायनं त्यांना मुद्दाम तरंगत ठेवतात. रंग बघून निराश होऊ नका आणि रंग बघून खात्रीही धरू नका.

कायद्याने आमच्यावर बंधन नसताना आम्ही एकदा इंधनाच्या निकषांची पूर्ण तपासणी करून घेतली, २६० डॉलर. निकष असे: आर्सेनिक ५, कॅडमियम २, क्रोमियम १० आणि शिसं १०० पीपीएमपर्यंत, एकूण हॅलोजन ४००० पीपीएमपर्यंत आणि पेट घेण्याचं तापमान किमान १०० अंश फॅरनहाइट. सगळ्यात पास झालं. हे पैसे खर्च केल्याचं समाधान अजून आहे, कारण तो धूर आपल्याच अंगणात उतरतो.

हिवाळ्यात थांबलो. लबकला रात्री पारा शून्याखाली जातो आणि मिश्रण दाट होतं. सकाळी पांढरा धूर म्हणजे न जळलेलं इंधन, आणि थंड इंजिनात नोझलवर कोळसा सगळ्यात जास्त जमतो. पाच अंशाखाली आम्ही गाडीत निव्वळ डिझेलच ठेवतो. ज्यांना बारा महिने चालवायचं असतं ते दुसरी, इंजिनाच्या गरम पाण्याने तापणारी टाकी बसवतात आणि सुरुवात-शेवट डिझेलवर करतात. आम्हाला तेवढी गुंतागुंत नको होती.

त्या रिकाम्या वेळात प्रमाण ठरवलं. अमेरिकेतल्या क्रमांक दोन डिझेलचा दाटपणा ४० अंशाला १.९ ते ४.१ सेंटीस्टोक असावा लागतो. साधं डिझेल २.६ धरलं आणि १५डब्ल्यू-४० ऑइल ११५, तर मिश्रणाचा हिशोब असा येतो: १० टक्के ऑइल घातलं तर ३.३, २० टक्क्यांना ४.२, ३० टक्क्यांना ५.५ आणि निम्मं-निम्मं केलं तर दहाच्या वर. म्हणजे २० टक्क्यांना आपण मर्यादेच्या उंबरठ्यावर उभे. पन्नास-साठ टक्के घालून ‘गाडी मस्त चालते’ म्हणणाऱ्यांची गाडी चालते हे खरंच आहे, पण नोझलमधून फवारा निघायच्या जागी धार निघते आणि त्याचे परिणाम उशिरा दिसतात. पी-७१०० पंपाला वंगण इंजिन ऑइलमधून मिळतं, म्हणून तो दाट इंधन सोसतो. डीबी-२ला वंगण इंधनातूनच मिळतं आणि त्याची आतली जुळणी फार बारीक असते. म्हणून डॉजला २० आणि फोर्डला १० टक्के ठरवलं.

१६ मार्च २०२४ला पहिलं मिश्रण केलं. पिंपात आधी ४० गॅलन डिझेल, मग वरून १० गॅलन ऑइल. ऑइल जड असल्यामुळे ते खाली उतरता उतरता मिसळतं. उलट क्रमाने केलं तर ते तळाशी बसून राहतं. मग पंपाने अर्धा तास तेच पिंपातल्या पिंपात फिरवलं. पंप, पिंप आणि नळी तांब्याच्या तारेने एकमेकांना आणि जमिनीला जोडली, स्थिर विजेची ठिणगी नको म्हणून. त्यानंतर सात दिवस काहीही करायचं नाही. डिझेलने पातळ झाल्यावर ऑइलने धरून ठेवलेला आणखी थोडा गाळ सुटतो. आम्हाला आठव्या दिवशी तळाशी कपभर काळा लगदा मिळाला, जो एरवी थेट टाकीत गेला असता. गाडीत भरताना १० मायक्रॉनच्या फिल्टरमधूनच.

डॉजमध्ये थेट २० टक्के घातलं नाही. पहिली टाकी ५, दुसरी १०, तिसरीपासून २०. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये इंधनाच्या दाबाचं घड्याळ बसवलं, ७० डॉलर. ज्याला हा प्रयोग करायचा आहे त्याने बाकी काही नाही तरी हे घड्याळ आधी लावावं. आमच्याकडे चालत्या गाडीत दाब २८ पीएसआय होता. आवाज किंचित मऊ झाला, धूर पूर्वीइतकाच, पिकअपमध्ये फरक नाही.

एप्रिलच्या शेवटी, साधारण ९०० मैलांनंतर, दाब हळूहळू २८ वरून १७वर आला. मुख्य फिल्टर बदलला, दाब तेवढाच. या इंजिनात लिफ्ट पंपाच्या (टाकीतून इंधन ओढणाऱ्या पंपाच्या) खाली इंधन गरम करणारी एक छोटी वाटी असते आणि तिच्यात जाळी असते. ती अडचणीच्या जागी आहे, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. उघडली तर जाळीवर डांबरासारखा काळा थर. टाकीत जुना साचलेला राळेसारखा थर होता, तो ऑइलमधल्या धुऊन काढणाऱ्या रसायनांनी सुटून आला होता. जाळी डिझेलमध्ये धुतली, वाटीची रिंग नवी घातली, एअर काढली. दाब परत २८. तीन आठवड्यांनी एकदा पुन्हा धुवावी लागली, नंतर नाही. जुन्या गाडीत हे होणारच असं धरून चाला, आणि जाळीची रिंग आधीच आणून ठेवा.

फोर्डने जुलैमध्ये कुरकूर सुरू केली. गरम गाडी बंद करून अर्ध्या तासाने सुरू केली की खूप वेळ स्टार्टर मारावा लागायचा. कारण निघालं नोझलच्या रिटर्न लाइनच्या रबरी रिंगा. एअर धरत होती. रिंगा तीस वर्षांच्या होत्या, सगळा दोष ऑइलला देता येत नाही. पण त्या बदलल्यावरही गरम इंजिन आयडलला वर-खाली होत राहिलं. निव्वळ डिझेलच्या दोन टाक्या गेल्यावर ते थांबलं. आम्ही तिथेच फोर्डचा विषय संपवला. तोवर तिच्यात ४६ गॅलन ऑइल जळलं होतं. डीबी-२ पंप पुन्हा बांधून घ्यायचा खर्च वाचवलेल्या डिझेलच्या कितीतरी पट असतो.

२१ सप्टेंबरला डॉजची सहाही नोझल काढली. मिश्रणावर ९१०० मैल झाले होते, गॅलनला सरासरी १६ मैल, म्हणजे सगळं २० टक्क्यांनी धरलं तर ११४ गॅलन ऑइल तिच्यातून गेलं होतं. गाडी तेव्हाही सुरेख चालत होती. काही तक्रार म्हणून नाही, ठरवलं होतं म्हणून काढली. नोझलच्या टोकावर भस्माच्या रंगाचा खडबडीत थर होता. नखाने दाबला की भुगा व्हायचा, पण भोकांच्या कडेला तो दगडासारखा घट्ट होता. पाच भोकांभोवती ज्वालामुखीच्या तोंडासारखे छोटे उंचवटे. काजळी काळी असते आणि जळून जाते. ही राख होती. चाचणीच्या पंपावर लावली तर तीन नोझलचा फवारा चांगला होता, उरलेल्या तिघांच्या टोकाला थेंब लोंबत होते. नोझलच्या भोकातून कॅमेरा घालून पाहिलं, पिस्टनच्या खोलगट भागातही तोच करडा पातळ थर.

इथे आम्हाला उमगलं की आम्ही जे गाळत होतो तो खरा त्रास नव्हताच. इंजिन ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त आणि फॉस्फरस ही रसायनं विरघळलेली असतात, तरंगत नसतात. मिठाचं पाणी फडक्यातून गाळून गोडं होत नाही, तसंच हे. सीजे-४ ऑइलला राखेची मर्यादा वजनाच्या १ टक्का आहे. ११४ गॅलन म्हणजे ४३१ लिटर, म्हणजे ३८० किलो ऑइल. त्याची राख पावणेचार किलोपर्यंत. बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर गेली, थोडी नोझलवर, व्हॉल्व्हवर आणि पिस्टनवर राहिली. एक मायक्रॉनची पिशवी असो की मिनिटाला दहा हजार फेऱ्या घेऊन घाण बाजूला फेकणारा सेंट्रिफ्यूज, विरघळलेला धातू कोणी काढत नाही. त्यासाठी ऊर्ध्वपातन लागतं, ते रिफायनरीचं काम.

याच कारणाने सगळी वापरलेली तेलं सारखी नसतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि साधं हायड्रॉलिक ऑइल यांत राख इंजिन ऑइलपेक्षा खूपच कमी असते, आणि दाटपणाही कमी. स्वतःच्या गाड्यांचं असं तेल निघत असेल तर जाळायला तेच आधी घ्यावं. आम्हाला हे आधी माहीत असतं तर पिंपांची मांडणीच वेगळी केली असती.

आता पैशांचा हिशोब. एकूण जाळलं १६० गॅलन. वर्षभराची डिझेलची सरासरी ३.६० डॉलर धरून वाचले ५७६ डॉलर. खर्च: पिंपं ८०, हीटर १४०, पंप ९५, भांडं १६५, अठरा पिशव्या १०८, फिल्टरची बैठक ४५, चार फिल्टर ९६, सहा साधे अहवाल २०४, पूर्ण तपासणी २६०, दाबाचं घड्याळ ७०, नोझलची सफाई आणि नवी टोकं ३३०, कर ७१. बेरीज १६६४. म्हणजे पहिल्या वर्षात १०८८ डॉलर खिशातून गेले, आणि यात आमच्या शनिवार-रविवारांची किंमत धरलेली नाही. ईजीआर कूलरची गळती वेळेत सापडली हा फायदा मोठा, पण तो ३४ डॉलरच्या अहवालाचा आहे. त्यासाठी ऑइल जाळावं लागत नाही. आता प्रत्येक ट्रकचा प्रत्येक ऑइल चेंजचा नमुना पाठवतो.

सध्या डॉज १० टक्क्यांवर आहे, फक्त एप्रिल ते ऑक्टोबर, आणि मिश्रणात गिअरबॉक्सचं व हायड्रॉलिक ऑइल आधी, उरलं तर इंजिन ऑइल. गाडी नुसती उभी ठेवून आयडलवर चालवत नाही. आठवड्यातून एकदा तरी ट्रेलर जोडून तासभर भाराने पळवतो, म्हणजे टोकावरचा थर थोडा झडेल अशी आशा. बाकीचं इंजिन ऑइल उचलणारा महिन्याला घेऊन जातो. तळाचा गाळ आणि भिजलेल्या पिशव्यासुद्धा झाकणाच्या वेगळ्या पिंपात त्याच्याकडेच जातात, पिशव्या एक दिवस निथळून मगच. डॉजची नोझल पुन्हा ५००० मैलांनी काढायची आहेत; तो आकडा डॅशबोर्डवर खडूने लिहून ठेवला आहे.